गिटारवरचे पोलाद



वसंतातल्या या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या खुर्चीवर बसून ऐकावे, हाच आजवरचा आमचा परिपाठ. आमचे शिक्षण रात्रशाळेत, वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्यामुळे संगीतावर अधिकारवाणीने बोलण्याचा आव आम्ही आणणार नाही. तथापि एक प्रश्न लहानपणापासून आमच्या मानगुटीवर बसलेला आहे, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले तेवढे आज आपल्यापुढे ठेवणार आहोत.

तो प्रश्न आम्हांला विचारला आमच्या चाळीतल्या नानांनी. नाना गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर होते. गिरणगावातल्या त्या चाळीत गणपतीत ऑर्केस्ट्रा बसे आणि त्यात नाना हवाइयन गिटार वाजवीत. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला पोलादाचा तुकडा तारांवरून सरकवायचा. तो तुकडा त्यांनी दुकानातून आणलेला नव्हता. भंगारातल्या एका शाफ्टाचा बोटभर तुकडा कापून, लेथवर उतरवून आणि पॉलिश मारून त्यांनी तो स्वतःच घडवला होता. एकदा तो आमच्या हातावर ठेवून ते म्हणाले, "पोरा, तू वाचतोस बिचतोस, तर सांग, हे असं लोखंड तारेवर फिरवायचं पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं असेल रे?" आम्हांला उत्तर येत नव्हते. आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होतो.

उत्तराकडे वळण्यापूर्वी या वाद्याचे मर्म थोडक्यात सांगितले पाहिजे. साधी गिटार वाजवणारा तार पडद्यावर बोटाने दाबतो. एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना स्वरही जिन्याच्या पायऱ्या उतरावा तसा टप्प्याटप्प्याने जातो. मांडीवरच्या गिटारीत तारांखालचा मेरू उंच करतात. त्यामुळे तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि पडदे केवळ खुणेपुरते उरतात. तार दाबायची नसतेच. तिच्यावर पोलाद हलकेच टेकवायचे आणि न उचलता सरकवायचे. मग जिन्याचा उतार होतो. आपण ज्याला मींड आणि घसीट म्हणतो ते येथे अलंकार राहत नाहीत, तीच या वाद्याची मातृभाषा होते. पोलाद जरा जोराने दाबले तर स्वर चढतो, हलके टेकले तर तार खरखरते, तिरपे झाले तर सगळा मेळ बेसूर होतो. म्हणजे सगळी विद्या हाताच्या अंदाजात आहे. ज्याने कानस आणि लेथ चालवली आहे त्याला हा अंदाज काय असतो ते वेगळे सांगायला नको.

आता ही रीत निघाली कोठे? त्यासाठी आपल्याला प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर जावे लागेल. तेथे गिटार मुळातली नव्हे. १७९३ साली व्हँकूव्हर नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने तेथल्या राजाला गुरे नजर केली. ती गुरे रानोमाळ वाढली, आणि ती आवरता येईनात म्हणून १८३० नंतरच्या काळात तिसऱ्या कामेहामेहा राजाने मेक्सिकन गुराखी बोलावले. गिटार आली ती या गुराख्यांच्या खोगिराबरोबर. पुढे १८७८ पासून उसाच्या मळ्यांवर मजुरी करायला पोर्तुगीज बेटांवरून माणसे आली. त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या तंतुवाद्यापासून उकुलेले झाले. वाद्यांचा हा सगळा इतिहास गुराख्यांच्या आणि मळेमजुरांच्या स्थलांतराचा इतिहास आहे, हे ध्यानात ठेवावे.

जोसेफ केकुकू हा हवाइयन मुलगा ओआहू बेटावरच्या लाइये गावी १८७४ साली जन्मला. तो अकरा वर्षांचा असताना, म्हणजे १८८५ च्या सुमारास, रेल्वेच्या रुळांवरून चालता चालता गिटार छेडीत होता, रुळाजवळ पडलेला एक बोल्ट त्याने उचलला, तो तारेला लागला आणि आवाज असा काही सरकत गेला की तो थबकला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा सजवलेली, पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. हा मुलगा होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत गेला. ही शाळा हवाइयन मुलांसाठी १८८७ साली निघाली होती आणि तेथे हातकाम शिकवीत. केकुकूने कंगवा वापरून पाहिला, सुरीची पाठ वापरून पाहिली, आणि अखेर १८८९ च्या सुमारास शाळेच्या कर्मशाळेत पोलादाची कांडी घडवली. आतड्याच्या तारा काढून पोलादी तारा चढवल्या आणि त्या उंच केल्या. शाळेतल्या सोबत्यांनी ही रीत उचलली आणि ती बेटभर पसरली.

या शोधावर आणखी दोघांचा हक्क सांगितला जातो. एक जेम्स होआ, आणि दुसरा गॅब्रिएल डेव्हियन. हा डेव्हियन हिंदुस्थानात जन्मला होता, लहानपणी एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून नेले आणि तो होनोलुलूला पोहोचला, असे सांगत. गिटार अशा नव्या रीतीने वाजवताना त्याला पाहिल्याचे तेथल्या एका जुन्या संगीतकाराने पुढे लिहून ठेवले. हे वाचून आपल्यापैकी काहींची छाती फुगेल, आणि "म्हणजे हाही शोध आपलाच!" असे म्हणण्याचा मोह होईल. आमचे मत विचाराल तर हा मोह आवरावा. तारेला लोखंड लागून आवाज सरकल्याचे अनेकांना ऐकू आले असेल. त्या अपघाताची रीत करणे, त्यासाठी हत्यार घडवणे, वाद्यात फेरफार करणे आणि ती दुसऱ्याला शिकवणे हे वेगळे काम आहे. ते काम केकुकूने केले, म्हणून पहिला मान त्याचा. पण डेव्हियन आणि होआ यांची नावेही मस्टरवरून खोडता कामा नयेत.

मस्टर हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. आमच्या आयुष्याची तीस वर्षे बदली आणि कंत्राटी कामगारांची नावे मस्टरवर चढवण्याच्या भांडणात गेली. माणूस दहा वर्षे काम करतो, यंत्राला त्याच्या हाताची सवय होते, पण कागदावर नाव नसले की कायद्याच्या लेखी तो त्या दारातून कधी आत आलेलाच नसतो. इतिहासाचेही असेच आहे, हे आम्हांला या गिटारच्या नादाने समजले.

केकुकू शाळेत पोलाद घासत होता तेव्हा त्याच्या देशाचे राज्य जायला लागले होते. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली होती आणि मळेवाले बलाढ्य झाले होते. १७ जानेवारी १८९३ रोजी त्यांच्या मंडळींनी, अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. ही राणी स्वतः नामांकित संगीतरचनाकार होती. नव्या सरकारने सरकारी बँडच्या वादकांना निष्ठेच्या शपथेवर सही करायला सांगितले. बहुतेक हवाइयन वादकांनी सही नाकारली, नोकरी सोडली आणि आपले वेगळे पथक उभे केले. त्यांच्या विनंतीवरून एलन प्रेंडरगास्ट या बाईंनी रचलेले गीत, 'काउलाना ना पुआ', हवाइयन लोक आजही उभे राहून गातात. श्रोतेहो, पोटावर पाय येत असताना सही न करणे म्हणजे काय, हे ज्यांनी गिरणीच्या दारावर 'चांगल्या वर्तणुकीच्या' हमीपत्राचा कागद पुढे आलेला पाहिला आहे त्यांना विचारा. वाजंत्री लोक दुबळे असतात अशी समजूत आहे. ती खरी नाही.

१८९८ साली अमेरिकेने हवाई बेटे जोडून घेतली आणि मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. ज्यांचे राज्य गेले त्यांचे गाणे मात्र साऱ्या जगाला हवेसे झाले. केकुकू १९०४ साली अमेरिकेला गेला तो नाटकमंडळ्यांतून फिरण्यासाठी. १९१२ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'बर्ड ऑफ पॅरडाइज' नावाचे हवाईवरचे नाटक आले आणि त्यात खरे हवाइयन वादक बसवले होते. १९१५ साली पनामा कालव्याच्या निमित्ताने सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या प्रदर्शनात हवाईच्या दालनात रोज ही गिटार वाजे आणि लाखो लोक ती ऐकत. त्यानंतर अमेरिकेत घरोघरी हवाइयन संगीताच्या तबकड्या गेल्या, आणि शिकवण्यांचा, स्वरलिपीच्या पुस्तकांचा, स्वस्त गिटारींचा मोठा व्यापार उभा राहिला. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चांदणे, नारळीची झाडे आणि नाचणाऱ्या मुली येत. मळ्यावरचा मजूर आणि कैदेत बसवलेली राणी कोणाच्या डोळ्यांपुढे येत नव्हती. गोड आवाजाने दुःख झाकले गेले. यात वादकांचा दोष नाही, त्यांना पोट होते. केकुकू याच नाटकाबरोबर १९१९ पासून सुमारे आठ वर्षे युरोपभर हिंडला आणि १९३२ साली आपल्या बेटांपासून हजारो मैल दूर, न्यू जर्सीत वारला. आपल्या रीतीचे पेटंट त्याने घेतले नव्हते.

याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या प्रदेशात, या सरकत्या सुराची दुसरी शाखा वाढत होती. तेथे नीग्रो समाजाची गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, परंतु वाट्याने केलेल्या शेतीच्या कर्जात माणूस बांधलेलाच होता. तेथली पोरे केरसुणीची तार भिंतीला ठोकून, तिच्यावर बाटली सरकवून वाजवीत. मोठे झाल्यावर हीच रीत गिटारवर येई. बाटलीची मान कापून बोटात घालायची, नाहीतर खिशातला चाकू तारेवर फिरवायचा. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने आपल्या १९४१ च्या आत्मचरित्रात एक प्रसंग दिला आहे. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनावर रखडलेल्या गाडीची वाट पाहता पाहता त्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला, जोड्यांतून पायाची बोटे बाहेर आलेला एक मनुष्य गिटारच्या तारांवर चाकू दाबून वाजवीत होता. इतका विलक्षण सूर आपण कधी ऐकला नव्हता, असे हँडी लिहितो. हँडी पुढे 'ब्लूजचा जनक' म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. त्या फाटक्या मनुष्याचे नाव हँडीच्या पुस्तकात नाही, आणि म्हणून ते कोठेच नाही.

ज्यांची नावे कागदावर आली त्यांचे तरी काय झाले? लुइव्हिल गावच्या सिल्व्हेस्टर वीव्हर या कृष्णवर्णी वादकाने १९२३ साली 'गिटार रॅग' ही सरकत्या गिटारची गत ध्वनिमुद्रित केली. या रीतीच्या अगदी पहिल्या तबकड्यांत तिची गणना होते. तेरा वर्षांनी, १९३६ साली, लिऑन मॅकॉलिफ या गोऱ्या वादकाने तिच्याच आधारावर 'स्टील गिटार रॅग' वाजवली. ती देशभर गाजली आणि त्याच्या नावाने ओळखली गेली. वीव्हरने तोवर संगीत सोडून मोटार हाकण्याची नोकरी धरली होती. तो १९६० साली वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला १९९२ साली. टेक्सासचा आंधळा गायक विली जॉन्सन याची कथा याहून विदारक आहे. १९२७ साली त्याने वाजवलेली एक शब्दहीन, हुंकारांची रचना १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत घालून अंतराळात धाडली गेली. माणसाचे एकटेपण परक्या ताऱ्यांना कळावे म्हणून ती निवडली होती. आणि तो स्वतः १९४५ साली, घर जळून गेल्यावर, दारिद्र्यात मेला.

आता कारखान्याकडे येऊ. मोठ्या ऑर्केस्ट्रात मांडीवरच्या गिटारचा आवाज बुडून जाई. जॉर्ज बीचम हा स्वतः ही गिटार वाजवणारा टेक्सासचा गडी. त्याने चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साह्याने पोलादी तारांचे कंपन विजेत उतरवण्याची युक्ती काढली आणि रिकेनबॅकर या यंत्रकाराच्या मदतीने १९३२ मध्ये ॲल्युमिनियमची गिटार बाजारात आणली. तिच्या आकारावरून लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणत. बाजारात टिकलेली जगातली पहिली विजेची गिटार ती हीच, म्हणजे मांडीवरची हवाइयन गिटार. आज ज्या विजेच्या गिटारीवर तरुण मंडळी बेहोश होतात तिची ही आजी. बीचमला पेटंट मिळाले १९३७ साली. ते मिळणे योग्यच होते, त्याने काम केले होते. आमचे म्हणणे एवढेच की ज्याच्यापाशी वकील, अर्ज आणि फी होती त्याचे नाव दप्तरात गेले, आणि ज्यांच्या हातातून हा सूर जन्मला त्यांच्यासाठी दप्तरच नव्हते.

येथे कोणी विचारील की आपल्या देशाचा यात काय वाटा? वाटा आहे, आणि जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. राज्याचा हिशेब पाहणारा हा अधिकारी 'संगीतरत्नाकर' लिहून अमर झाला. त्याने एकतंत्री वीणेचे वर्णन केले आहे. तिला एकच तार, पडदे नाहीत, आणि डाव्या हातातला वेळूचा तुकडा तारेवर सरकवून ती वाजवायची. म्हणजे आज आपण ज्याला दौलताबाद म्हणतो तेथे सातशे-आठशे वर्षांपूर्वी ही रीत शास्त्रात नोंदली गेली होती. दक्षिणेत गोटुवाद्यम् लाकडी कांडीने वाजते आणि उत्तरेत विचित्रवीणा काचेच्या गोळ्याने. गोटुवाद्यम् विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी पुन्हा मानाला चढवले ते तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव. नावावरूनच ओळखावे की तंजावरच्या मराठी समाजातले. थोर गायक सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर काही काळ त्यांच्यापाशी शिकले. महाराष्ट्रात हे नाव किती जणांना ठाऊक आहे, हे हात वर करून सांगा म्हटले तर आपलीच पंचाईत होईल.

हवाइयन गिटार आपल्याकडे आली ती फिरत्या मंडळ्यांबरोबर. टाउ मोए आणि त्याचे कुटुंब १९४० नंतरची काही वर्षे कलकत्त्यात राहिले. तेथेच गार्नी नीस यांचे पथक आकाशवाणीवर वाजू लागले. बंगालात ही गिटार घरोघरी गेली. मुंबईत व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या चाली विजेच्या गिटारवर वाजवून तबकड्या काढल्या, आणि आमच्या नानांसारख्यांनी त्या इराण्याच्या हॉटेलात ऐकून ऐकून उचलल्या. पण मूळ चित्रपटगीताच्या तबकडीवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. मागे बसलेल्या गोव्याच्या, पंजाबच्या, बंगालच्या वादकांची नावे नसत. पाळी भरली, पैसे घेतले, घरी गेले. पुढे जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्यापाशी शिकून या गिटारवर राग मांडले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी त्यांची साक्ष आहे. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली. बाटलीच्या रीतीने वाजवणारे अमेरिकन राय कूडर आणि भट्ट यांच्या एकत्र वादनाला १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. मिसिसिपीची शाखा आणि हिंदुस्थानची शाखा यांची ती गळाभेट म्हणावी.

आता नानांविषयी सांगून आम्ही रजा घेतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिल्या गणपतीत नानांनी गिटार वाजवली, पण वर्गणी जमली नव्हती म्हणून मांडव लहान होता. पुढल्या वर्षी गिटार विकली गेली. आमची शाळाही त्याच सुमारास सुटली. नाना गावी जायला निघाले तेव्हा आम्ही त्यांची वळकटी स्टँडपर्यंत उचलून नेली. एस. टी. त चढताना त्यांनी खिशातून तो पोलादाचा तुकडा काढला आणि आमच्या हातात दिला. "गिटार गेली, आता हा घेऊन काय करू? तू ठेव." एवढेच बोलले. ते पुन्हा मुंबईला आले नाहीत.

तो तुकडा हा पाहा. चाळीस वर्षे आमच्याजवळ आहे, आणि आम्हांला एक सूरही वाजवता येत नाही. पण नानांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. नाना, तुमच्यासारख्याच एका हवाइयन पोराने हे केले. त्याने ते शाळेच्या कर्मशाळेत, स्वतः पोलाद घासून केले. त्याच्या आधी आणि नंतरही अनेकांनी वेळूने, काचेने, चाकूने, बाटलीने हेच केले. त्यांतल्या थोड्यांची नावे सापडली, ती आज येथे वाचून दाखवली. टटवायलर स्टेशनावरच्या त्या माणसाच्या नावाची जागा मस्टरवर कोरी ठेवली आहे.

श्रोतेहो, आपल्या गावात, आपल्या आळीत असे कोणी वाजवणारे, घडवणारे असतील. त्यांच्याकडे जा, त्यांचे नाव, ते कोणाकडून शिकले आणि हत्यार कशाचे केले, एवढे एका वहीत लिहून ठेवा. वहीला फी लागत नाही.